बिनपत्त्याची बाई

वाचनालयाच्या वरच्या दालनात त्या दुपारी लेखकाचं व्याख्यान छान रंगलं होतं. गुन्हेगारी कथा लिहू पाहणारी बरीच होतकरू मंडळी समोर बसली होती आणि विषय त्याचा हातखंडा होता: मनाचा तोल गेलेलं पात्र वाचकाला खरं कसं वाटावं.

"डोळे गरागरा फिरवणारा वेडा कुणालाच खरा वाटत नाही," तो सांगत होता. "त्याला एखादी हळवी सवय द्या. घरातली, साधी. माझ्या कादंबरीतली ती शिवणकाम करणारी बाई आठवा. रोज संध्याकाळी कात्री फडक्यात गुंडाळते, तिला थोपटते आणि म्हणते, 'झोप आता.' वाचकाच्या पोटात गोळा येतो तो तिथं. खून तर पुढं होतो."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "ही सवय सुचली कुठून?"

"निरीक्षण," तो म्हणाला, आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

ती सवय त्याच्या थोरल्या बहिणीची होती.

जिना उतरताना औषधवाल्याचा फोन आला. "तुमच्या ताईंच्या गोळ्या इथंच पडून आहेत. कधी चुकायच्या नाहीत हो त्या. हल्ली फिरकल्याच नाहीत. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं."

आपणच नेऊन देतो, असं लेखक म्हणाला खरा, पण जिन्यातच रेंगाळला. पुस्तक आल्यापासून तो ताईकडे गेलाच नव्हता. आधी कामाची सबब होती, मग सर्दीची, मग सबबीही संपल्या आणि नुसतंच जाणं टळत राहिलं.

आई गेली तेव्हा तो शाळेत होता. ताईनं लोकांचे कपडे शिवून त्याला वाढवलं, शिकवलं, त्याच्या पहिल्या नोकरीसाठी कोटसुद्धा तिनंच शिवला. तिला तरुणपणापासून आवाज ऐकू यायचे. कात्री उघडी राहिली की ते आवाज रात्रभर बोलत बसतात, म्हणून ती कात्रीला निजवायची. गोळ्या सुरू झाल्या, आवाज थांबले, सवय तेवढी राहिली. मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारी बाई ती. त्यानं तिची ती सवय उचलली, कात्री उचलली, मशीनवर वाकून बसायची तिची ढबसुद्धा उचलली, आणि सगळं एका खुनी बाईला चढवलं. परीक्षणांत 'अस्सल' हा शब्द पुन्हा पुन्हा आला. तेव्हा त्याला आनंदच झाला होता.

गोळ्यांचं पाकीट खिशात घालून तो ताईच्या इमारतीशी पोचला तेव्हा धुकं इतकं दाटलं होतं की दिवसाढवळ्या जिन्यातला दिवा लागला होता. तळमजल्यावर तिचं दार. त्या दाराशी एरवी कपड्यांची गाठोडी असायची, उसवलेले गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. आज तिथं काहीच नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या वहिनी मुलीचा हात धरून खाली येत होत्या. त्याला पाहताच त्यांनी मुलीला पलीकडच्या बाजूला घेतलं.

"वाचलं हं तुमचं पुस्तक," त्या म्हणाल्या. "बाई गं! इतकी वर्षं आम्ही खाली-वर राहतो, आणि आम्हाला पत्ताच नाही. कपडे आता बाहेरच देतो आम्ही. लेकरंबाळं आहेत ना घरात."

"अहो, ते सगळं खोटं आहे. गोष्ट आहे ती."

"असेल. पण कात्रीला निजवताना तर आम्ही डोळ्यांनी बघितलंय."

त्याची मान खाली गेली ती वर झालीच नाही.

दार ताईनं उघडलं. वाळली होती, पण केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीचे कपडे. त्याच्या टकलाकडे बघून हसली. "छोट्या, अरे, राहिलेलेही गेले की!" आणि लगेच ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. ती आत झोपलीय."

"कोण?"

ताईनं ओशाळून पदराशी खेळावं तसा गळ्यातल्या मापपट्टीशी चाळा केला. "मी जिला मारलं ना... ती."

लेखक आत आला. पुढची खोली नेहमीसारखीच होती, मशीन, इस्त्री, दोऱ्यांची रिळं. पण वास निराळा होता. शेवाळाचा, गाळाचा, ओल्या लोकरीचा. आतल्या खोलीच्या दाराला जाड पडदा होता आणि त्याची खालची कड भिजून काळी पडली होती.

नळ गळत असेल, त्याला वाटलं.

"ताई, गोळ्या का नाही घेतल्यास?"

"गोळी घेतली की ती दिसेनाशी होते रे." ताई त्याच्याजवळ सरकली. "मग ती एकटी कुठं जाईल? थंडी किती आहे बाहेर!"

"ती कुणीच नाहीये. मी बनवलीय तिला. पुस्तकासाठी."

"तेच तर. ती मला घराचा पत्ता विचारते. रोज विचारते. तू दिलाच नाहीस म्हणे."

ते खरं होतं. कादंबरीत त्या बाईला येऊन जाऊन अडीच पानं होती. हिरवा कोट, कालव्याच्या पाण्यात तरंगणारं शरीर, एका पायात बूट, दुसरा अनवाणी. तपास करणारा अधिकारी म्हणतो, बेवारस. तसं लिहिणं सोयीचं होतं, नातेवाईक आले की कथानक रेंगाळतं. त्यानं आपला सगळा जीव खुनी बाईत ओतला होता. मेलेलीकडे वळून बघायचं त्याला सुचलंसुद्धा नव्हतं.

"ताई, ऐक. तू कुणालाही मारलेलं नाहीस."

"मग कात्री माझीच कशी होती?" ताईचे डोळे भरून आले. "ढब माझी, बोलणं माझं. सगळे म्हणतात, अगदी हुबेहूब. वरची पोर माझ्याकडे सुईत दोरा ओवायला यायची, तीही येत नाही. सगळ्यांना कळलं आणि मलाच आठवत नाही, एवढंच. मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू, छोट्या? तू तर कधी खोटं बोलत नाहीस."

या शेवटच्या वाक्यानं तो पार खचला. खुर्चीचा कठडा धरून तो तसाच बसला. तिनं आरोप केला असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. तिनं विश्वास ठेवला होता.

आत खाट करकरली.

 कुणीतरी कुशीवर वळल्यासारखा आवाज आला, मग फरशीवर पाऊल टेकल्याचा... एक ठक असा, आणि दुसरा नुसताच ओला. ठक... आणि चपक. ठक... आणि चपक. पडद्याशी येऊन आवाज थांबला.

लेखकानं खाली पाहिलं. पडद्याच्या कडेखाली दोन पावलं होती. एका पायात बूट होता. दुसरं पाऊल पांढरंफटक, पाण्यात फार काळ राहिलेल्या माणसाचं असतं तसं सुरकुतलेलं.

त्याला पळावंसं वाटलं. पण ताईनं त्याचा हात धरला होता, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा, आणि तिच्या हातात भीतीचा लवलेश नव्हता.

"सांग ना तिला," ती कुजबुजली. "तुलाच ठाऊक असणार."

"मला... मला नाही माहीत."

"मग आता ठरव. पण नीट ठरव. घाई नको."

 लेखक पडद्याकडे न बघता बोलायला लागला. आधी त्यानं तिला एक नाव दिलं. ते उच्चारताच पडदा किंचित हलला. मग सांगितलं की ती टपाल कचेरीत खिडकीवर बसायची, हिशेबात पक्की होती, हसताना तोंडावर हात धरायची. बोलता बोलता त्याचा स्वर बदलत गेला. टाळ्यांसाठी बोलायची त्याची सवय होती, ती गळून पडली.

पलीकडून श्वासाइतक्या हलक्या आवाजात शब्द आला. "आणखी...?"

"तुझं घर आहे. पाण्याच्या उंच टाकीमागं. दाराशी लिंबाचं झाड आहे. आणि... आई आहे तुझी. डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही, म्हणून बोलताना ती मान वळवते. तू आली नाहीस म्हणून ती दार लोटून घेते, कडी लावत नाही. तू बेवारस नाहीस. ते मी... माझं चुकलं."

शेवटचे शब्द बोलताना त्याला हुंदका आवरला नाही.

 मग पावलं वळली. मागचं दार उघडल्याचा आवाज आला, धुक्याचा गार झोत पडद्याखालून आला, आणि तो वास हळूहळू विरला. ताईनं पडदा सारून पाहिलं.

"गेली," ती म्हणाली. मग हात पुढं करून म्हणाली, "गोळी दे."

आतल्या फरशीवर मागच्या दारापर्यंत गाळाचे ठसे होते. ते त्यानं स्वतः गुडघ्यावर बसून पुसले. नळ गळत नव्हता. त्यानं दोनदा फिरवून पाहिला.

त्यानंतर लेखक ताईकडेच राहायला आला. पुस्तकाची पुढची आवृत्ती काढू नका, असं त्यानं प्रकाशकाला सांगितलं, तेव्हा प्रकाशक आधी हसला आणि मग चिडला. व्याख्यानांची आमंत्रणं त्यानं परत पाठवली. सगळ्यांत कठीण गेलं ते इमारतीत दारोदार जाणं. घंटा वाजवायची, आणि म्हणायचं, "पुस्तकातली ती बाई माझी ताई नाही. तिची एक निष्पाप सवय मी न विचारता घेतली, आणि बाकीचं पाप पदरचं घातलं." काहींनी आत बोलावलं. काहींनी दार अर्धंच उघडलं. तो दोन्ही ठिकाणी तेच बोलला, तसाच कानकोंडा होऊन.

थंडी सरली तसं दाराशी एखादं गाठोडं दिसू लागलं. एक दिवस वरची पोर सुईत दोरा ओवायला आली, वहिनी जिन्यात उभ्या राहिल्या, पण त्यांनी तिला हाक मारली नाही. ताई गोळ्या वेळेवर घेत होती. मशीन पुन्हा घरघरू लागलं होतं.

मग एका उजळ सकाळी एक म्हातारी आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत एक पडदा, खालून दुमडून शिवायचा. ताईनं माप घेतलं, "कधी हवाय?" विचारलं. म्हातारीनं मान वळवून उजवा कान पुढं केला.

खिडकीशी बसलेला लेखक उठून उभा राहिला.

"टाकीमागून चालत आले," म्हातारी सांगू लागली, जुन्या ओळखीतल्या माणसांशी बोलावं तशी. "मुलगी म्हणाली, इथंच दे. घरी आलीय ना ती. बोलते थोडं, जेवते थोडं. तुम्हा दोघांचं नाव काढते." मग तिनं लेखकाकडे पाहिलं, आणि आवाज इतका खाली आणला की त्याला पुढं वाकावं लागलं.

"तुम्ही तिला माझ्याबद्दल सांगितलंत, बरं केलंत. पण परवापासून घरात एक माणूस येऊन बसलाय. म्हणतो, मी हिचा बाप. पोर त्याला बघून खाटेखाली शिरते... तुम्ही त्याच्याबद्दल काही बोलला नव्हतात ना?"

लेखकानं मानेनंच नाही म्हटलं. बापाची जागा त्यानं तेव्हा रिकामीच सोडली होती.

"हं," म्हातारी म्हणाली. "मग त्याला घर कुणी दाखवलं?"