वटवाघळाची सासू

दुकानात नव्या गेमची एकच सीडी उरली होती आणि तिच्यावर दोन हात पडले. एक निकिताचा, दुसरा कुणा परक्याचा.

"घ्या, तुम्हीच घ्या," तो म्हणाला. "पण संपली की मला द्यायची. आणि तोवर दर रविवारी सांगायचं, आत काय काय सापडलं ते."

त्याचं नाव गोरक्ष. पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी. डिसेंबरच्या थंडीत तीस किलोमीटर गाडी हाणत शहरात, कॉलेज रोडच्या या दुकानात आलेला. डोळे मात्र... छे, निकिताने ते पाहिलेच नव्हते! निदान घरी पोचेपर्यंत ती स्वतःला असंच बजावत होती.

आता गेमचं ऐका. सगळ्या जगाने डोक्यावर घेतलेला गेम! भुयारांचं राज्य, उड्या मारत हिंडायचं, गुपितं शोधायची. आणि निघालं काय? जावं तिथे दार बंद. किल्ली कुठे, तर जिथून आलो तिथेच. पुन्हा त्याच उड्या, पुन्हा तेच भुयार. पाऊण तासात जांभया सुरू झाल्या, नि निकिताने टीव्ही बंद केला तो केलाच.

पण रविवार उजाडला. ठरल्याप्रमाणे सोमेश्वरच्या देवळाजवळच्या भजीच्या गाडीपाशी गोरक्ष आधीच हजर, नाक लालबुंद.

"काय सापडलं?"

काही नाही म्हणावं, तर सीडी त्याच्या हातात द्यायची नि विषय संपला. मग तो पुन्हा कशाला येतोय? निकिताच्या तोंडातून निघून गेलं, "वटवाघळाची सासू!"

"काय?"

"तिसऱ्या भुयारात राहते. जावयावर रुसलीये..."

झालं! चार रविवार सासू रुसत राहिली, जावई उलटा लटकून माफी मागत राहिला, आणि गोरक्षच्या हातातली भजी गार होत राहिली. पाचव्या रविवारी थापा आटल्या. तिने सीडी देऊन टाकली आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसलं.

आठवड्याने त्याचाच फोन. "ये ना भजीला. अडलोय."

ती धावतच गेली. गोरक्षचे डोळे तारवटलेले.

"लय शोधली. सगळी भुयारं पालथी घातली, प्रत्येक भिंतीला टकरा दिल्या. सासू कुठंय?"

"नाहीये," निकिता पुटपुटली. "थापा होत्या सगळ्या. गेम भिकार होता रे... पण तसं सांगितलं असतं तर तू आलाच नसतास."

त्याने भजीचा कागद चुरगळला. निकिताला वाटलं, आता उठतोय हा, गेला.

"भिकार तर हायेच," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग आठ दिवस टकरा कशाला दिल्यास?"

"सीडी माझ्याकडं आली ना... आता तुला बोलवायला कारण काय? म्हटलं, सासू सापडत नाय, हे तरी सांगता येईल."

निकिताला हसू फुटलं, मग डोळे भरून आले, मग पुन्हा हसू.

"पुढच्या रविवारी कारण नको. नुसताच ये."

"नुसताच? आणि बोलायचं काय?"

"हेच की, तू मला आवडतोस, गाढवा!"