इथून डावीकडं दोन दारं

सुपली तुटायला तीन तास राहिले होते, तेव्हा डॉक्टर इरावती साने तणतणत हवेच्या खोलीत शिरल्या.

"हौसाबाई, हवेच्या चाळीसच्या चाळीस टिकल्या बदलल्यात? कुणाला विचारून?"

"हवेला इचारलं," हौसाबाई खरमाटे म्हणाली. हातातला पाना काही खाली ठेवला नाही.

सुपली म्हणजे थोरल्या जहाजाचा एक तुकडा. चार पिढ्या जहाज चालतच होतं. आता खाली एक ग्रह सापडला, म्हणून चाळीस घरं या तुकड्यात बसून तिथं उतरणार आणि थोरलं जहाज पुढं निघून जाणार. परत यायचं नाव नाही. आणि टिकली म्हणजे भिंतीत चिकटवलेला इवलासा प्रोग्राम, कपाळावरच्या टिकलीएवढाच. एक टिकली, एक काम: कुणी हवा सोडते, कुणी दिवा लावते. पण तिच्या स्वतःच्या पोटात काही नसतं. किती सोडायचं, कधी सोडायचं, ते दुसरीकडं लिहिलेलं असतं. टिकलीला फक्त तिथवरची वाट सांगायची.

"नियमात मूळपत्ता आहे," साने म्हणाल्या. "जहाजाच्या मुख्य भांडारापासून मोजायचं. अमुक मजला, अमुक कप्पा. टिकली कुठंही चिकटवा, वाट चुकत नाही."

"आन् भांडारच वर ऱ्हायलं तर? टिकली मूळ हुडकत बसंल आन् हितं लेकरं काळीनिळी पडतील. म्या तिला इथूनपत्ता दिलाय. इथून डावीकडं दोन दारं, तिथल्या डब्यात समदं लिवलंय. डबा आन् टिकली संगंच निघाल्यात. कुठं का जाईनात, दोन दारं ती दोनच." तिनं टाच आपटली. "आमचा बाप पायपा बशिवताना जहाजाच्या नाकापासनं कधी मोजायचा न्हाई. टाचंपासनं मोजायचा."

साने दाराशी गेल्या, डावीकडची दोन दारं बोटानं मोजून परत आल्या. "आम्ही सहा जणांनी ते नियम लिहिले. शाळा किती झाली तुमची?"

"तिसरी. चौथीत मास्तरलाच चावले."

साने हसल्या आणि बाहेर काम करणाऱ्या माणसांना ओरडून म्हणाल्या, "सुपलीतली एकूणएक टिकली इथूनपत्त्यावर घ्या. खरमाटेबाईंच्या रीतीनं!"

हौसाबाईची मान अशी ताठ झाली, की बघत राहावं.

तिची स्वतःची एक टिकली होती, खाटेपाशी. दाबली की गेलेला नवरा, भागूजी, बोलायचा, "हौसे, जेवलीस का गं?" जहाजाची रीत अशी, की मेलेल्याचा आवाज एकच ठेवायचा, दुसरी प्रत काढायची नाही. माणूस दोनदा जात नाही, म्हणून. तो आवाज वरच्या भांडारात होता. न्यायचा म्हटला तर नेता आला असता. पण लेक मल्हारी थोरल्या जहाजावरच राहणार होता. ती त्याला म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. माझ्या कानात हाय तो." टिकली मात्र संगं घेतली, सुपलीतल्या खाटेपाशी चिकटवली. मुकी तर मुकी.

निघण्याआधी सुपलीतल्या आवाजाच्या कोऱ्या डब्यात तिनं चाचणीला दोन वाक्यं बोलून ठेवली. त्या डब्यातला तो पहिला आवाज.

मग धक्का बसला. सुपली तुटली. साऱ्यांनी श्वास रोखला, आणि चाळीस खोल्यांतून एकदमच फुस्स करून हवा आली. माणसं रडली, एकमेकांच्या गळ्यात पडली. साने सगळ्यांसमोर हौसाबाईच्या पाया पडल्या. "उठा, केस इस्कटतील," ती म्हणाली, पण छाती काही मावत नव्हती.

सगळं निवल्यावर ती खाटेवर टेकली. सवयीनं मुक्या टिकलीवर बोट गेलं.

टिकली बोलली.

एकूणएक टिकली म्हणजे ही पण इथूनपत्त्यावर आलीच होती. तिनं मूळ हुडकलं नाही. डावीकडं दोन दारं गेली आणि डब्यात होता तो आवाज घेऊन आली.

"हवा चालू हाय. घाबरू नका."

शेजारच्या खोलीतलं तान्हं तेवढ्यानं रडायचं थांबलं.

हौसाबाईनं वर पाहिलं. वर नुसतं छत होतं. उद्या ही लेकरं विचारतील, सगळ्यात पहिलं कोण बोललं, आणि मागं मोजत मोजत या खाटेपाशी येऊन थांबतील.

"जेवले रे," ती हळूच म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.