पाण्याखालची गोधडी

आमच्या घरामागचा पोहण्याचा तलाव तिसऱ्यांदा गळला आणि दोष माझ्यावर आला. आदल्या आठवड्यात मी तळ घासायला आत उतरले होते, पायात बूट घालून. बाबा रागावले नाहीत, नुसते माझ्या बुटांकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

तलाव म्हणजे फार मोठं काही समजू नका. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, लहान मुलाच्या छातीभर खोल. चारी बाजूंना सिमेंटच्या भिंती, खाली आमच्या जत तालुक्याची मुरमाड जमीन, आणि सगळ्यावरून निळं अस्तर (पाणी मुरू नये म्हणून अंथरलेली प्लास्टिकची जाड चादर). २०५८ साली आमच्या भागात कुणाला हौसेने पोहायला पाणी मिळत नाही. आम्हाला मिळायचं ते वैद्यकीय पाणी (उपचारासाठी सरकार मोजून देतं ते), माझ्या धाकट्या भावासाठी.

कैवल्य आठ वर्षांचा. त्याचे स्नायू दर वर्षी थोडे थोडे अशक्त होत जातात आणि त्यावर अजून औषध नाही. जमिनीवर तो दोन पावलांत कोसळतो, पाण्यात मात्र चालतो. पाणी बुडालेल्या वस्तूला वर ढकलतं. या ढकलण्याला उत्प्लावक बल म्हणतात. त्यामुळे बावीस किलोच्या कैवल्यच्या पायांवर छातीभर पाण्यात सात-आठ किलोच भार येतो. गेल्या वर्षी तो न थांबता एकतीस पावलं चालला होता. पाण्यातला सराव बंद पडला की ही पावलं जातात, आणि गेलेली परत येत नाहीत, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं.

आता आरोग्य केंद्राचं पत्र आलं होतं. गळतीचं कारण शोधा, मग तलाव आणखी एकदाच भरून मिळेल. पुन्हा गळला तर परवानगी कायमची रद्द.

पत्राबरोबर त्यांनी गोगलगाय पाठवली. गोगलगाय म्हणजे ताटलीएवढा यंत्रमानव. तळाला चिकटून सरकत जातो आणि गळती शोधतो. त्याच दिवशी नानाही आले. नाना म्हणजे माझ्या आईचे वडील. त्यांनी चाळीस वर्षं कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र (किड्यांचा अभ्यास) शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा आले होते, त्यानंतर आत्ताच. या दोन वर्षांत त्यांचं आणि बाबांचं फारसं बोलणं झालेलं नव्हतं.

गोगलगायीने रिकाम्या तळावरून दीड तास सरपटून शांतपणे सांगितलं, "छिद्रे एकोणीस. व्यास दीड ते दोन मिलिमीटर. सर्व एका वाकड्या ओळीत."

नानांनी खिशातून भिंग काढून मला दिलं आणि म्हणाले, "जुई, कडा बघ. कुठल्या बाजूला वळल्यात?"

मी बघितलं. प्रत्येक भोकाची कड वर, आमच्या बाजूला उचललेली होती. बुटाचा खिळा वरून घुसला असता तर कड खाली दबली असती. म्हणजे भोक पाडणारा खाली होता. मी बाबांकडे विजयी मुद्रेने पाहिलं, पण त्यांचा चेहरा पाहून माझी जीत मला नकोशी झाली. त्यांना काहीतरी कळलं होतं, आम्हाला कळायच्या आधी.

गोगलगायीने आपला कान तळाला लावला आणि खालचा आवाज मोठा करून ऐकवला. टक टक टक, थांबून पुन्हा टक टक टक. कैवल्य काठावरच्या खुर्चीत बसला होता, तो म्हणाला की आत कुणीतरी दार वाजवतंय.

नाना म्हणाले, वाळवी. वाळवीच्या घरट्याला धक्का लागला की तिच्यातले सैनिक डोकं जमिनीवर आपटतात आणि बाकीच्यांना सावध करतात. तोच हा आवाज. मी विचारलं, वाळवी प्लास्टिक खाते का? नाना म्हणाले, खात नाही, तिला ते पचत नाही. तिला हवं असतं सेल्युलोज (झाडांच्या पेशींच्या भिंती ज्याच्या बनलेल्या असतात तो पदार्थ, लाकूड, कागद, कापूस या सगळ्यात तो असतो). वाळवीचे कामकरी किडे आंधळे असतात. ओल आणि खाणं यांच्या मागावर ते जबड्याने चाचपत जातात, वाटेत मऊ काही आलं की कुरतडून बघतात. मग तुमच्या तळाखाली त्यांचं खाणं कुठून आलं, असं त्यांनी विचारलं.

बाबा खाली उतरले, त्यांनी कोपऱ्यातलं अस्तर सोडवलं आणि मागे दुमडलं.

खाली गोधड्या होत्या. चार, शेजारी शेजारी, नीट अंथरलेल्या. आईने शिवलेल्या. वरून त्या गोधड्याच दिसत होत्या, पण बाबांनी हात लावला तशी पहिली गोधडी मातीसारखी भुगा होऊन खाली बसली. आतून तिची पार चाळण झाली होती.

बाबा पवनचक्क्यांच्या दुरुस्तीचं काम करतात. शंभर मीटर उंचावर दोरीला लटकणारा माणूस, पण त्या दिवशी तो तळात मटकन खाली बसला. म्हणाले, "मुरूम पायाला टोचतो म्हणून घातल्या, नाना. पाण्यात उतरायला कैवू भ्यायचा. मी त्याला सांगितलं, खाली आईची गोधडी हाय, ती तुला पडू देणार न्हाई."

मला हे माहीत नव्हतं. कैवल्यला माहीत होतं. दोन वर्षं तो आईवरून चालत होता आणि मला त्याने अवाक्षरानेही सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याचा हेवाही वाटला.

नाना उरलेल्या एका गोधडीवरचा टाका बोटाने चाचपत होते. तिच्यात एक जांभळं लुगडं होतं, ते आजीचं, नानांच्या बायकोचं होतं. मला वाटलं आता ते बाबांना बोलणार. पण ते म्हणाले, "शिवदासराव, मीही हेच केलं असतं. आणि मी तर वाळवी शिकवत होतो."

त्यानंतर दोघं बोलू लागले.

बाबांचं पहिलं म्हणणं होतं की विष ओतावं. नाना नको म्हणाले. विष काही वर्षांत धुपून जातं, वाळवी परत येते, आणि तोवर ते मुलाच्या पाण्यात उतरण्याची भीती. शिवाय वाळवी वाईट नसते. ती मेलेलं लाकूड, पालापाचोळा मातीत मिसळते, जमीन भुसभुशीत ठेवते. तिला मारायचं नाही, फक्त इथे येऊ द्यायचं नाही. कसं, ते सांगायला त्यांनी मला स्वयंपाकघरातून दोन बरण्या, हरभरे, मोहरी आणि खसखस आणायला लावली.

एका बरणीत हरभरे, दुसरीत मोहरी. दोन्हींवर चिमूट चिमूट खसखस टाकली आणि बरण्या हलवल्या. हरभऱ्यांमधून खसखस सरसर तळाला गेली. मोहरीवर ती वरच राहिली. दाणे लहान झाले की त्यांच्यामधल्या फटी लहान होतात, हे मला पटलं. मग मी म्हटलं, तर मग तळाखाली अगदी बारीक वाळूच घालू, फटच उरणार नाही. मला वाटलं मी मोठी हुशारी केली.

नाना हसले नाहीत. म्हणाले, "बारीक कण वाळवी तोंडात धरून बाजूला ठेवते. तिचा रस्ता असाच तर होतो. तिला उचलता येणार नाही इतका मोठा दाणा हवा, आणि तिचं डोकं शिरणार नाही इतकी लहान फट हवी. दोन्ही एकाच वेळी."

डोकं का, तर वाळवीचं अंग मऊ असतं, कुठेही दबतं. कडक असतं ते डोकं. ते जिथे शिरत नाही तिथे ती शिरत नाही. नानांनी भिंगाखाली डोकं मोजलं, जेमतेम दीड मिलिमीटर. हिशेब करून ते म्हणाले की दोन मिलिमीटरच्या आसपासचे दाणे हवेत, कठीण दगडाचे, टोकदार, एकमेकांत घट्ट बसणारे. आणि आपण उभे आहोत तो सगळा मुलूख काळ्या कातळाचाच आहे.

माळावर एक खडीचा क्रशर बंद पडून होता. तिथे कच (दगड फोडल्यावर उरणारा चुरा) ढिगाने पडली होती. बाबांनी ती आणली. पण तिच्यात पीठही होतं आणि खडेही. ती चाळायला हवी होती. मी फळीवरून आईच्या दोन चाळणी काढल्या, गव्हाची आणि जाड रव्याची. गव्हाच्या चाळणीतून खाली पडेल ते घ्यायचं, त्यातलं रव्याच्या चाळणीत वर राहील ते ठेवायचं. आईच्या चाळणी दगडाला लावायच्या म्हणून मी आधी कुरकुरले, मग गप्प बसले.

आधी नानांनी परीक्षा घेतली. काचेच्या नळीत एका टोकाला वाळवी, दुसऱ्या टोकाला ओला पुठ्ठा, मध्ये चाळलेली कच. शेजारच्या नळीत मध्ये साधी वाळू. वाळूतून वाळवी दोन दिवसांत पुठ्ठ्यापर्यंत पोचली. कचेच्या नळीत दहाव्या दिवशीही ती अलीकडेच अडकलेली होती.

तीन आठवडे आम्ही चाळत होतो. कैवल्यचे हात अजून चांगले होते, तो खुर्चीत बसून रव्याची चाळण हलवायचा. एकदाही हसला नाही. गोधड्यांचं काय करणार हेही त्याने विचारलं नाही. बाबांनी गोधड्यांचा उरलेला भाग टोपल्यात भरून कुंपणापलीकडच्या वारुळाजवळ नेऊन ठेवला, आणि बराच वेळ ते तिथेच उभे राहिले. नानांनी जांभळ्या लुगड्याचा तळहाताएवढा शाबूत तुकडा कापून घेतला होता. तो त्यांनी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला.

तळात चार बोटं जाडीचा कचेचा थर दाबून बसवला. भिंतीला लागून फट राहते, तिथेही ठासून भरला. टोकदार दाण्यांनी अस्तर फाटू नये म्हणून वर पॉलिस्टरचं जाड कापड घातलं, जे वाळवीला खाण्यासारखं नाही. मग नवं अस्तर, आणि शेवटचं पाणी.

कैवल्य उतरेना. बाबांनी त्याला कडेवर घेऊन पाण्यात नेलं, तर त्याने त्यांचा गळा सोडला नाही.

"खाली आता कोण हाय?" त्याने विचारलं.

बाबा खोटं बोलणार होते, मला दिसलं. मी काठावरून म्हणाले, "कोणी नाही. खाली कच आहे. निम्मी तू चाळलीस."

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "मी नीट चाळली होती." आणि त्याने बाबांचा गळा सोडला.

मी पावलं मोजली. एकोणतीस झाली आणि तो थांबला, बाबांनी त्याला धरलं. गेल्या वर्षीपेक्षा दोन कमी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी खरा आकडा सांगितला. नाना चष्मा पुसत बसले.

त्या आजाराचं काय होणार हे आम्हाला माहीत आहे. पण औषध शोधणारी माणसं कुठेतरी काम करत आहेत, आणि ती पोचेपर्यंत कैवल्यजवळ काही पावलं उरायला हवीत, एवढंच आमच्या हातात आहे. महिनाभराने गोगलगाय पुन्हा आली. तिने तळाला कान लावला, आवाज मोठा केला, आणि आम्ही चौघंही श्वास रोखून ऐकत राहिलो.

"खाली काही नाही," ती म्हणाली.

कैवल्यने मान हलवली आणि बाबांना म्हणाला, मला पाण्यात सोडा.