धाकटीचं घर

"मी परत जाणार नाही, ताई!"

लाकडी फळीवर वाफाळता चिकट भात उलथता उलथता बुआवानचा हात जागच्या जागी थांबला... राजधानीत, व्हिएन्तानच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला गेलेली ही लात्सामी, तिची धाकटी बहीण, नौकांच्या शर्यतीच्या सणाला म्हणून घरी येते काय, जिना चढून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते काय, आणि पाठीवरची पिशवी उतरवायच्या आत हे असलं अभद्र बोलते काय!

"परत बोल," बुआवान दात आवळून म्हणाली. "काय म्हणालीस ते परत बोल!"

"घर धाकटीचं असतं. आईला धाकटीनं सांभाळायचं असतं. सगळ्या गावात हीच रीत आहे ना? मग माझं काम मी करते. तू मोकळी."

मोकळी! त्या एका शब्दानं बुआवानच्या अंतःकरणात वणवा पेटला. वडील गेले, पाठोपाठ आईचं डावं अंग लुळं पडलं, तेव्हा रीतीप्रमाणं थोरलीनं लग्न करून निघून जायचं आणि धाकटीनं चूल सांभाळत घरात राहायचं, हे ठरलेलंच होतं. पण जिल्ह्यात गणितात पहिली आलेल्या या पोरीला चुलीपुढं बसवायचं बुआवानच्या मनाला पटेना, म्हणून तिनं आपल्याच तोंडानं रीत उलटी फिरवली होती. तिच्याशी लग्न ठरलेल्या खामसिंगला दूर सावन्नखेत शहरात नोकरी लागली होती, "चल माझ्याबरोबर" म्हणून तो हात जोडत होता, आणि याच जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून तिनं त्याला माघारी पाठवलं होतं... आणि आता ही महाराणी म्हणते, नको!

"आता मोकळी करतेस मला? खामसिंग दुसरीशी संसार थाटून बसला, आता? लाज नाही वाटत तुला?"

"वाटते! रोज वाटते!" लात्सामी किंचाळली. "तुला काय माहीत तिथं काय असतं? एवढा मोठा वर्ग, मास्तर फळ्याकडं तोंड करून बोलतात, पुस्तकं निम्मी थाई भाषेत! इथली पहिली म्हणून मिरवत गेले, तिथं सगळ्याच पहिल्या! मी तोंड उघडलं की मुली आपल्या बोलीची नक्कल करतात. पहिल्या चाचणीत नापास झाले मी, कळलं? नापास!"

"मग अभ्यास कर! खोलीतल्या बाकीच्या काय पळून गेल्या?"

"त्याही नापास झाल्या. रडल्या, नूडल्स शिजवून खाल्ल्या आणि झोपल्या. मला झोप येत नाही, ताई! त्यांचं त्या बघून घेतील... मी तुझं आयुष्य नापास केलं! निघताना सगळे जण मनगटाला धागा बांधत होते, कुणी म्हणालं सुखी राहा, कुणी म्हणालं निरोगी राहा. तू काय म्हणालीस? 'माझ्याही वाटचं शीक.' दोघींचं कसं शिकू गं मी? एकीचंच डोक्यात शिरत नाही!"

"म्हणजे माझंच चुकलं! सगळं देऊन वर मीच गुन्हेगार!" बुआवाननं बहिणीच्या खांद्यावरची पिशवी हिसकली आणि सरळ जिन्यावरून खाली भिरकावली... पुस्तकं अंगणभर विखुरली, कोंबड्या ओरडत पळाल्या.

"बास!"

आतल्या चटईवरून आईचा आवाज आला. वाकड्या झालेल्या ओठांतून तिला शब्द जड जात, म्हणून एरवी ती फार बोलत नसे. दोघी दाराशी गेल्या, तर ती उजव्या हातावर भार देऊन उठून बसली होती आणि तिचे डोळे आग ओकत होते.

"मी काय गाठोडं आहे? एकीनं घ्यायचं, दुसरीच्या डोक्यावर ठेवायचं? थोरली म्हणते मी ठेवते, धाकटी म्हणते मला दे... मला विचारलंत कुणी? खामसिंगला घालवलंस तेव्हा विचारलंस?"

"आई, मी तुझ्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी! ही गेल्यापासून भांडी कशी आपटतेस, मला ऐकू येत नाही? अंग गेलंय माझं, कान शाबूत आहेत!"

बुआवान मटकन खाली बसली. कुणी तरी भर बाजारात पदर ओढावा तसं तिला झालं. या पाच महिन्यांत तिनं शेजारणींना, भिक्षूंना, खुद्द स्वतःलाही एकच सांगितलं होतं, मी समाधानी आहे... आणि एवढं सगळं ऐकत आई त्या चटईवर गप्प पडून होती!

"होय," ती कशीबशी म्हणाली. "येतो मला राग. तू बसमध्ये चढलीस तेव्हापासून येतो, लात्सामी. तुला खिडकीची जागा मिळाली, त्याचासुद्धा आला. पाठवलं मीच, आणि राग राग केला तोही मीच!"

लात्सामी तिच्यापुढं गुडघ्यांवर बसली. "म्हणून तर म्हणते, मी राहते इथं. तुझा राग तरी जाईल."

"जाणार नाही!" बुआवान पुन्हा कडाडली. "तो माझा आहे, त्याचं मी बघते. कधी जिरेल, कधी नाही. आणि पास होऊन तो फेडायला तर मुळीच जाऊ नकोस. मी तसं बोलायला नको होतं तेव्हा. माझ्या वाटचं काही शिकू नकोस तू, ऐकलंस? जा तिकडं आणि नापास हो! खुशाल हो, दोनदा हो! पण तुझी तू हो!"

रडता रडता लात्सामीला हसू फुटलं. "असला आशीर्वाद कोण देतं गं?"

"मी देते! आणि आईचं काय करायचं ते आता आई सांगेल. ती सांगेल तसं."

"सांगते," आई म्हणाली. "आधी ती पुस्तकं उचला दोघी. कोंबड्या घाण करतायत."

दोघी खाली उतरल्या. बुआवान चिडूनच एकेक पुस्तक उचलत होती आणि कमरेला नेसलेल्या सिन्ह लुंगीच्या काठानं त्यावरची माती पुसत होती. लात्सामी ती पिशवीत भरत होती.

"सण संपला की मला बसवर सोडायला येशील, ताई?"

"नाही येणार. आले तर रडेन."

"गेल्या वेळी नाही रडलीस."

"गेल्या वेळी मला वाटलं होतं, राग मला एकटीलाच माहीत आहे. तो झाकायचा म्हणून रडूही दाबलं," बुआवान म्हणाली, आणि तिथंच, कोंबड्यांच्या मधोमध, हातातलं पुस्तक छातीशी धरून ती हमसून हमसून रडू लागली.