तपकिरी बाटलीचा पत्ता

ताईच्या कचेरीत शिरणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी भाऊला नमस्कार करायचं. डोकं ताईला होतं, पण मिशा भाऊला होत्या, आणि मिशा लांबून दिसतात. बहीण गुप्तहेर असली की धाकट्या भावाला मदतनीस व्हावं लागतं, हे भाऊनं पन्नाशीत निमूट मान्य केलं होतं.

त्या सकाळी आलेल्या सूनबाईनंही त्यालाच नमस्कार केला. तिच्या कडेवरच्या मुलीनं मात्र थेट मिशीला हात घातला. पोरीच्या डाव्या हाताची बोटं जन्मापासून जुळलेली होती, पण पकड अशी की भाऊच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाटली चोरीला गेलीय," सूनबाई म्हणाली. "औषधाची. रिकामी."

"रिकामी?" मिशी सोडवत भाऊ हसला. "मग नुकसान चोराचंच!"

"तू गप्प बस रे. बोला हो तुम्ही," ताई म्हणाली.

गरोदरपणात सूनबाईच्या पोटात काही ठरत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी एक पातळ औषध लिहून दिलं होतं. "मला चमचासुद्धा धरवायचा नाही. सासूबाई रोज आपल्या हातानं पाजायच्या. मग ही अशी जन्मली. तेच औषध घेतलेल्या आणखी काही आयांच्या बाळांनाही असं झालंय म्हणे."

काल वकीलबाई घरी येऊन सगळं समजावून गेल्या होत्या. कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. धोका ठाऊक असून सांगितला नसेल, तर डॉक्टरांनाही जाब विचारता येतो. मुलीच्या शस्त्रक्रियांचा खर्च मागता येतो. पण हे औषधामुळेच झालं, हे सिद्ध करावं लागतं.

"आणि त्याची सुरुवात बाटलीपासून," सूनबाई म्हणाली. "लेबलावर बॅच नंबर आहे, आणि गरोदर बायकांसाठी इशारा छापलेलाच नाही. दावा लावायची मुदत उद्या संपतेय आणि आज कपाटात बाटली नाही!"

"वकीलबाई आणखी काय म्हणाल्या?"

"कारखान्यापासून माझ्या तोंडापर्यंत औषध ज्या ज्या हातांतून आलं, त्या सगळ्या हातांना कोर्ट प्रश्न विचारेल म्हणाल्या."

"हे कोणी ऐकलं?"

"सासूसासऱ्यांनी. नवरा बोटीवर कामाला आहे. आणि वकीलबाई निघताना कंपनीचा माणूस दारातच उभा होता."

त्या घरात पाऊल टाकताच भाऊला उकडायला लागलं. फोनला लोकरीचा अंगरखा, चहाच्या किटलीला टोपी, खुर्च्यांच्या पायांत मोजे. सासूबाईंच्या सुयांना विसावा म्हणून नव्हता. फळीवर लोकरीच्या बाहुल्या एकमेकींच्या अंगावर पेंगत होत्या. एक तेवढी शिस्तीत ताठ बसली होती.

सासरे घड्याळजी. त्यांच्या खोलीत लेबलं काढून धुतलेल्या इवल्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीत बारीक स्क्रू. भाऊनं उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"कबूल करा! तुम्हीच ती बाटली धुतलीत!"

"ती तपकिरी होती हो," सासरे चष्म्यावरून बघत म्हणाले. "आतला स्क्रू दिसायला नको का मला?"

तेवढ्यात कंपनीचा माणूस खेळण्यांची टोपली घेऊन हजर. बोलणं असं की मुंग्या लागाव्यात. "कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढता? आपसात मिटवू की! फक्त ती बाटली एकदा बघायला मिळाली असती..."

"हाच चोर!" भाऊ ताईच्या कानात पुटपुटला. ताईनं त्या माणसाला टोपलीसकट दाराबाहेर पोचवलं आणि सासूबाईंसमोर बसली.

"औषध कोण देत होतं?"

"डॉक्टर," सासूबाई घाईनं म्हणाल्या, आणि त्यांच्या सुईवरचा टाका निसटला.

नातीनं ताठ बाहुलीकडे हात करून भोकाड पसरलं. "ती नको गं राणी, पडली तर फुटेल," म्हणत सासूबाईंनी तिच्या हाती दुसऱ्या दोन दिल्या. आजी असून इतकी चिक्कू, भाऊला नवल वाटलं.

ताई उठली. "वकीलबाईंना बोलवा."

वकीलबाई आल्यावर ताईनं सगळ्यांना बसवलं. "कंपनीच्या माणसानं बाटली नेली असती, तर आज ती बघायला मागितली नसती. घड्याळजींना तपकिरी बाटली निरुपयोगी. उरलं कोण? भाऊ, लोकरीची बाहुली पडून फुटते का रे?"

"छे! लोकर कशी फुट..." आणि भाऊचा आ तसाच राहिला.

"बाकीच्या पेंगतात आणि ही ताठ बसते, कारण हिच्या पोटात काच आहे. औषध रोज पाजणाऱ्या आजी म्हणतात, डॉक्टर देत होते. खोटं का? तर औषध ज्या हातांतून आलं, त्यातला शेवटचा हात त्यांचा."

सासूबाईंनी बाहुली काढून मांडीवर घेतली. एकेक टाका उसवला. तपकिरी बाटली बाहेर आली, लेबल जसंच्या तसं.

"मीच पाजलं हो माझ्या लेकराला! कोर्टात हे निघालं की तोंड कुठं लपवू? पण टाकूनही देववेना. नातीचा दावाच बुडाला असता."

"आजी, प्रश्न विचारणं म्हणजे आरोप नव्हे," वकीलबाई म्हणाल्या. "धोका होता का, आणि असून कोणी लपवला, ते तज्ज्ञ आणि कोर्ट बघतील. तुम्हाला कोणी तो सांगितलाच नव्हता. पण हेच औषध रोज हिच्या पोटात गेलं, हे शपथेवर कोण सांगणार? तुमच्याशिवाय मला साक्षीदारच नाही."

सूनबाई सासूच्या पायांशी बसली. "आई, तुम्ही पाजत होतात म्हणून दोन घास पोटात राहायचे माझ्या. एवढे दिवस हे मनात घेऊन एकट्याच बसलात होय? मला सांगायचं ना!"

मग दोघीही रडल्या. घड्याळजी हातात नसलेलं घड्याळ दुरुस्त करू लागले.

रांगत आलेल्या नातीनं रिकाम्या बाहुलीकडे पाहिलंही नाही. तिनं डाव्या हातानं आजीचं बोट धरलं. आजी डोळे पुसायला हात सोडवू लागली, तो सुटेना.

"नाद सोडा, आजी," मिशी चोळत भाऊ म्हणाला. "मला अनुभव आहे."