डावा हातमोजा

"अहो, पायपुसणं दारात शोभेला नाही ठेवलेलं!"

मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. दुसरी एखादी असती तर काहीतरी गोड बोलली असती. माझी जीभ पहिल्यापासून अशीच.

बाहेर बर्फ मिसळलेला पाऊस पडत होता. आठवडाभर उन्हाचा पत्ता नव्हता, रस्त्यावरचे दिवे भरदुपारी लागलेले. आणि हा गडी दुकानाच्या मधोमध उभा राहून ठिबकत होता.

"मी काही घ्यायला नाही आलो," तो म्हणाला. "गाडी बाहेर लावलीय. जरा... बोटं वळेनात म्हणून."

"इथे कपडे विकतो आम्ही. ऊब फुकट मिळते, पण तीसुद्धा पाय पुसणाऱ्यांना."

तो मुकाट्याने दारापर्यंत गेला. उजवा पाय पुसला, डावा पुसला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा उजवा पुसला.

"आता?"

मी हसले नाही. म्हणजे त्याला दिसेल असं तरी नाही हसले.

आमचं दुकान मोटरसायकलवाल्यांच्या कपड्यांचं. खास करून थंडीतल्या. जाकिटं, हातमोजे, पायमोजे, सगळ्यांच्या आत बारीक तारा असतात. गाडीच्या बॅटरीला जोडलं की तापतात. बाबा मागच्या खोलीत शिलाई मशीनवर असतात आणि पुढचं दुकान मी बघते. हा पाय पुसून आलेला औषधभांडाराचा माणूस निघाला. खिंडीपलीकडच्या गावांना मोटरसायकलवरून औषधं पोचवायची, हे त्याचं काम. उन्हाळ्यात कुणीही जाईल हो. हिवाळ्यात दोन्हीकडून बर्फ साचून रस्ता चारचाकी जाणार नाही इतका अरुंद होतो, म्हणून मोटरसायकल, तीही निवडक लोकांची. या वर्षी त्याला त्या निवडक लोकांत जायचं होतं.

"थंडी सगळ्यात जास्त कुठे वाजते?" मी विचारलं.

"बोटांना."

"मग आधी जाकीट घ्या."

"अहो, बोटांना म्हणतोय मी."

"ऐकू आलं. छाती गार पडली की शरीर सगळं रक्त आत ओढून घेतं आणि बोटांना वाऱ्यावर सोडतं. छाती सांभाळा आधी."

त्याने जाकीट चढवलं. मी चेन वर ओढली तर म्हणतो, "एवढं घट्ट?"

"तारा अंगाला लागायला हव्यात. सैल घेतलंत तर आतली हवा तापेल, तुम्ही नाही. आणि आत सुती काही घालायचं नाही. घाम धरून ठेवतं, मग तोच गार पडतो."

"सगळ्यांवर अशाच ओरडता का तुम्ही?"

"नाही. काही लोक ऐकतात."

"बरं, शेगडीबाई," तो म्हणाला, आणि माझे कान तापले... जाकिटाला अजून वीज जोडलेली नव्हती.

पायमोजे मी त्याला दिलेच नाहीत. त्याची गाडी जुनी, एवढा भार तिला झेपला नसता. "बॅटरी बसली तर खिंडीत गाडी ढकलत बसाल," मी म्हटलं.

"तुम्ही याल ढकलायला?"

"मी? मी दुकान बंद करून हसायला येईन."

मागच्या खोलीत मशीन थांबलं होतं. बाबा कान देऊन ऐकत होते, लबाड कुठले.

जाकीट आणि हातमोजे घेऊन तो गेला. आठवड्याने परत आला, या वेळी पाय पुसून.

"डावा हातमोजा तापत नाही."

मी जोडून बघितलं. माझ्या हातात तर चांगला तापला. पण रस्त्यावरच्या हादऱ्यांनी जोड सैल होतात, दुकानात चालतं ते खिंडीत चालेलच असं नाही. मी बदलून दिला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दारात.

"डावाच?"

"डावाच," तो म्हणाला आणि खाली बघायला लागला.

मी हातमोज्यांच्या कंपनीच्या माणसाला फोनवर असा झापला की विचारू नका. नवा मागवला. तो यायच्या आतच हा पुन्हा एकदा आला, आला का बघायला. मग पावसात अडकला म्हणून बसला. मग पाऊस थांबला तरी बसला.

"हातमोजा खराब आहे की माणूस बरा आहे?" तो गेल्यावर बाबांनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

"बाबा! काहीतरीच काय!"

"मी काही म्हटलं का? मी आपलं विचारलं."

खरं सांगू? मलाही तेच वाटत होतं. कुणाचा हातमोजा इतक्या वेळा बिघडतो? निमित्त शोधतोय, वेडा. त्या दिवसांत सूर्य दिसत नव्हता, भिंतींना ओल आली होती, गिऱ्हाईक चिडचिडं झालं होतं, आणि मी मात्र सकाळी आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहत होते. गाडीचा आवाज आला की हातातलं काम तसंच राहायचं. मला तो आवडायला लागला होता. त्याचं ते पुन्हा पुन्हा पाय पुसणं, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरणं, काही बोलायच्या आधी उगाच खाकरणं. सगळंच.

हिवाळ्याच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो शेवटच्या तपासणीला आला.

ही तपासणी म्हणजे आमच्या दुकानाची रीत. खिंडीत जाणाऱ्याला कपडे नुसते विकायचे नाहीत. स्टुलावर बसवायचं, सगळं अंगावर घालून बॅटरीला जोडायचं आणि चहा संपेपर्यंत विचारत राहायचं, कुठे गरम, कुठे गार, कुठे टोचतंय. मग भांडारातून साहेबांचा फोन येतो. आम्ही 'तयार' म्हटलं तरच तो माणूस निघतो. बाबांच्या त्या एका शब्दावर साहेबांचा इतका विश्वास, की बाकी काही विचारत नाहीत. त्या वर्षी बाबांनी तो फोन माझ्यावर सोपवला होता.

मी जाकीट जोडलं. हातमोजे जोडले. बटण दाबलं, मनगटावरचा हिरवा दिवा लागला.

"कसं वाटतंय?"

"कोमट."

दिवा केशरी केला.

"आता?"

"आता बरंय. पण शेगडीच्या जवळ बसलं की असं होणारच."

"गप्प बसा. चहा सांडेल." मी लाल केला. "आता? दोन्ही हात सांगा."

"कडक! दोन्ही एकदम कडक. हा नवा हातमोजा मस्त आहे हं."

मी खूश होऊन कप उचलायला वाकले, आणि काउंटरवर एक तार मोकळी पडलेली दिसली. डाव्या हातमोज्याची. बोलण्याच्या नादात मी ती जोडलीच नव्हती. लाल दिवा उजव्याचा होता.

मी त्याच्याकडे बघितलं. तो दिव्याकडे बघत होता.

"डाव्या हाताला किती गरम लागतंय?" मी हळूच विचारलं.

"सांगितलं ना. कडक."

 मी काउंटरला वळसा घालून गेले आणि त्याचा डावा हातमोजा ओढून काढला. तो "अहो, अहो" करत होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. दोन्हींवर फोड होते, एक फुटलेला, एक फुगलेला. आधीच्या हातमोज्यांनी भाजलेलं होतं ते. ते हातमोजे तापत होते, चांगले रग्गड तापत होते. यालाच कळत नव्हतं, ना त्या बोटांत, ना बाकीच्या पंजात.

"कधीपासून?" माझा आवाज चढला. "कधीपासून कळत नाही तुला?"

पहिल्यांदाच मी त्याला 'तू' म्हटलं, आणि ते असं.

 बाहेर कुणाचीतरी गाडी चिखल उडवत गेली.

"मागच्या हिवाळ्यापासून," तो म्हणाला. "खालच्याच रस्त्यावर होतो, पण एकदा वादळात अडकलो... तेव्हा पांढरी पडली होती बोटं. मग रंग आला. वाटलं, बाकीचंही येईल."

"आणि हातमोजे? ते बदलून नेत होतास ते?"

"पहिल्यांदा खरंच वाटलं की हातमोजा खराब आहे. दुसऱ्यांदा... तसं वाटावं असं वाटत होतं." त्याने खाकरून घेतलं. "नंतर आलो तो तुला बघायला."

काय करावं माणसाने अशा वेळी? हे वाक्य ऐकायला मी किती दिवस जीव टांगणीला लावून बसले होते. आणि ऐकलं तेव्हा माझ्यासमोर त्याचा तो भाजलेला हात होता.

"गरम कळत नाही, म्हणजे गारही कळत नसणार," मी म्हटलं. "हातमोजा घातलास तर भाजेल, नाही घातलास तर गोठेल. तुला दोन्ही कळणार नाही. बोटं जातील तुझी."

"दोनच तर आहेत."

"थोबाड फोडीन!"

"अगं, क्लच दाबायला उरलेली पुरतात. मी सांभाळून जाईन. थांबत थांबत जाईन, बघत राहीन हाताकडे." तो स्टुलावरून उठला होता. "वर्षभर वाट बघितलीय मी या फेरीची. गाडी सोडून मला दुसरं काहीही येत नाही. ती काढून घेतली तर मी कोण राहतो, सांग ना?"

आणि फोन वाजला.

मागचं मशीन थांबलं. बाबा बाहेर आले नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं होतं, तरी आले नाहीत. फोन माझा होता.

"हां, बोल पोरी," साहेब म्हणाले. "आपला गडी तयार ना उद्यासाठी?"

तो समोर उभा होता. अंगावर मी बसवलेलं जाकीट, त्याच्या तारा बॅटरीपर्यंत लोंबत होत्या. त्याने फक्त हात जोडले.

एक शब्द तर होता. माझ्या ओठांवर आलाही होता. तो शब्द बोलले असते तर त्याचं तोंड उजळलं असतं, मला शेगडीबाई म्हणाला असता, परत येतो म्हणाला असता. मला तेवढंच हवं होतं, अगदी मनापासून.

"तयार नाही," मी म्हटलं. "साहेब, त्याच्या डाव्या हाताला काही कळत नाही. पाठवू नका. या हिवाळ्यात नको, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कधीच नको."

फोन ठेवेपर्यंत त्याने तारा काढल्या होत्या. जाकीट उतरवून त्याने नीट घडी घातली, काउंटरवर ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

त्याच्या जागी दुसरा माणूस औषधं घेऊन गेला. फेऱ्या चालू राहिल्या. खिंड धुक्यात बुडालेली असायची, आमच्या दारातून तिचा पायथासुद्धा दिसत नसे. मी मापं घेतली, तारा जोडल्या, गिऱ्हाइकांवर ओरडले. गाडीचा आवाज आला की मान वर व्हायची आणि मग मलाच माझा राग यायचा. बाबा जेवताना माझ्या ताटाकडे बघायचे फक्त.

एक दिवस सकाळी दुकान उघडायला निघाले तर बाबा कोट घालून माझ्याआधी दारात.

"आज दुकान मी उघडतो," ते म्हणाले. "तू बसस्टँडवर जा. साहेबांनी त्याला खालच्या मुलखातल्या भांडारात लावलंय. तिकडे थंडी नाही, मोठं हॉस्पिटलही आहे. सकाळचीच बस आहे त्याची."

"त्याला मला बघायचं नसेल तर?"

"तर ते त्याला म्हणू दे. तू त्याच्या वतीने नको ठरवूस."

मी पळतच गेले. बसस्टँडवर बाकं ओली, सगळे उभेच. तो एका खांबाला टेकून उभा होता, पायाशी एक बॅग. डाव्या हाताला पट्टी होती, दोन बोटांची टोकं तेवढी बाहेर.

मला बघून तो सरळ झाला.

"डॉक्टर म्हणाले, अजून एक हिवाळा काढला असता तर बोटं कापावीच लागली असती," तो म्हणाला. मग म्हणाला, "तरी खूप राग आला होता तुझा."

"येऊ दे."

"अजून आहे थोडा."

"असू दे."

बसचं इंजिन सुरू झालं. लोक चढायला लागले. तो हलला नाही.

"दुसरा कुणी असता तर इतका विचार केला असतास?" त्याने विचारलं. "फोनवर किती वेळ गप्प होतीस तू."

"दुसऱ्याला पटकन नाही म्हटलं असतं." मी म्हटलं. "तुझ्या बाबतीत मला माझीच भीती वाटत होती. हो म्हणून बसले असते मी... तुला खूश करायला. इतका आवडतोस तू मला. एवढंच सांगायला आले. जा आता."

 त्याचे डोळे भरले होते, माझे तर केव्हाचे. वरून तोच बर्फाचा पाऊस लागला होता, पण आम्ही दोघंही आडोशाला गेलो नाही.

"तिकडे कपडे तापवायची कुणाला गरज नसते," तो शेवटी म्हणाला. "तुझं दुकान चालायचं नाही तिकडे."

"इथलं सोडून लगेच येता यायचं नाही मला. बाबा एकटे आहेत."

"माहीत आहे. मी आत्ता ये म्हणत नाही."

"मग कधी म्हणशील?"

"हाताला कळायला लागलं की."

"आणि नाही लागलं तर?"

 त्याने उजवा हात पुढे केला, निरोप घेतात तसा. मी तो घेतला नाही. मी त्याचा डावा हात धरला, पट्टीबाहेरच्या दोन बोटांना सांभाळून.

"तो नको गं," तो पुटपुटला. "त्यात काहीच कळत नाही मला."

"मला कळतंय."

कंडक्टरने घंटी वाजवली, मग आणखी एकदा वाजवली. लोक खिडक्यांतून बघत होते, बघोत. तो माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता. खाली वाकून आमच्या हातांकडे बघत होता. बघितल्याशिवाय त्याला कळणार नव्हतं, मी अजून धरलाय की सोडला ते.