चौऱ्याहत्तर किलो

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. इव्हानोने स्वतः मला सांगितलं, आणि सांगताना तो दाराकडे पाठ करून बसायला तयार नव्हता.

सन १९८४. ऑगस्टचा दुसरा शनिवार, दुपारचे दोन. ऊन मी म्हणत होतं. पो नदीकाठचं आमचं गाव जेवून आडवं झालेलं.

जागा होता फक्त बोटींचा मिस्त्री इव्हानो.

त्याच्या शेडमध्ये उभी होती त्याच्या भावाची, लाउरोची, रेसची बोट. बुडाला दोन लांब कणे, मधे बोगद्यासारखी पोकळी. वेगात त्या पोकळीत वारा भरतो आणि बोट जवळपास उडतेच. म्हणून तिचा तोल चार बोटंही चुकून चालत नाही. मागची बाजू जड राहिली की नाक वर जातं, आणि बोट उलटते.

लाउरो मागच्या वर्षी असाच गेला. शर्यतीच्या वाटेवरच्या तिसऱ्या तरंगत्या खुणेपाशी.

आणि उद्याच्या शर्यतीत त्याच बोटीत त्याची मुलगी मिर्ता बसणार होती.

तोल बघायला इव्हानोने बोटीखाली, सीटच्या जरा मागे, लोखंडी पाइप आडवा घातला. मिर्ताच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या सीटवर ठेवल्या. आता बोट खडूच्या खुणेवर सरळ राहायला हवी होती.

ती नाकावर झुकली.

आत पाणी राहिलं असेल, म्हणून त्याने बुडाची बुचं काढली. कोरडं ठणठणीत! मग पिशव्याच उतरवल्या. आता तरी मागची बाजू खाली बसेल...

नाक थोडं वर आलं. आणि तिथेच थांबलं.

सीट रिकामी. बोट सरळ.

छपरावर पारवे घुमत होते, ते कधी गप्प झाले ते त्याला कळलंच नाही.

त्याने बोट साखळीने उचलून वजनकाट्याला लावली. एकदा. दोनदा. तीनदा. दर वेळी नोंदीपेक्षा चौऱ्याहत्तर किलो जास्त.

शेवटच्या शर्यतीआधी लाउरोचं वजन चौऱ्याहत्तर भरलं होतं. त्या कागदावर इव्हानोचीच सही होती.

"काय काका, बोट उद्या उतरवायचीय की पुढच्या जन्मी?"

दारात मिर्ता. हातात कलिंगडाची फोड.

इव्हानो काट्यासमोर आडवा उभा राहिला. "लाकडाने ओल धरलीय गं. नाक जड लागतंय."

"मग टाकी मागे सरकव की! तूच शिकवलंस ना मला?"

"उद्या नको उतरूस, मिर्ता."

"का? आणि बाबा गेले म्हणून, असं सांगू नकोस. ते मला माहीत आहे."

खरं कारण त्याच्या जिभेवर आलं होतं. पण ते सांगून तो वेडा ठरला असता, आणि ती तरीही बसलीच असती. हट्टाला बापावर गेलेली पोरगी.

मग त्याच्या धंद्यातला कुणीही करेल तेच त्याने केलं. काट्यावर विश्वास ठेवला. बॅटरी आणि टाकी मागे सरकवली, आणि ते चौऱ्याहत्तर किलो धरून तोल जमवला.

संध्याकाळच्या सरावात बोट अशी पळाली, की काठावरची म्हातारी मंडळीही उठून उभी राहिली.

"काका, बाबांच्या हातातही अशी पळाली नसेल!" मिर्ता ओरडली.

इव्हानोही हसला. त्या हसण्याची त्याला अजून लाज वाटते.

रविवार. दुसरी फेरी. मिर्ता सगळ्यांच्या पुढे. इव्हानो दुर्बीण लावून काठावर उभा.

तिसरी खूण जवळ आली...

बोटीचं नाक एकदम हलकं झालं.

वारा नव्हता. लाट नव्हती. आतलं कुणीतरी उठून उतरून जावं, तसं ते नाक वर आलं. आणखी वर...

बोट आभाळाकडे तोंड करून उभी राहिली. मग पाठीवर आदळली.

इव्हानोच्या तोंडून हाक निघाली, ती भावाच्या नावाची.

मिर्ता वाचली. खांद्याचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. नदीतून काढलेली बोट पाणी निथळल्यावर त्याने काट्याला लावली. वजन जितकं हवं तितकंच भरलं.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात मिर्ताने डोळे न उघडताच त्याचा हात धरला.

"काका, पुढच्या वेळी बोट माझ्या एकटीच्या वजनावर तोल. बाबांना धरू नकोस."

"काय बोलतेस?"

"ते तिसऱ्या खुणेपाशी उतरतात."

त्या चौऱ्याहत्तर किलोंबद्दल त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. तिला तर नाहीच नाही.

वसंतात बोट दुरुस्त झाली. मिर्ता रोज विचारायची, "काका, कधी तोलतोयस?" इव्हानो रोज नवं निमित्त काढायचा. वजन जास्त भरलं तर काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि बरोबर भरलं, तरी तिला त्या बोटीत बसवायचं कुणाच्या भरवशावर?